ओ यायला चौदा सेकंद

भाची : मामा, बोट काढ तिथून. रंग ओला आहे.

मामा : वेग पहिल्या ओळीत कशाला घेतलास?

भाची : लोक तेच आधी विचारतात. कोण जास्त पळतं? उद्या दार उघडलं की शाळेची पोरं तेवढंच वाचून पुढं जाणार.

मामा : झालं मग. जेट जिंकलं, वाजवा टाळ्या! त्याचे ताशी आठशे साठ आणि आमच्या म्हातारीचे सहाशे चाळीस. म्हातारी बिचारी उभी राहील कोपऱ्यात.

भाची : पाटीवर म्हातारी लिहिता येत नाही. डावीकडे ‘पंख्याचे लढाऊ विमान’, उजवीकडे ‘जेट लढाऊ विमान’. संग्रहालयाच्या साहेबांनी दिलेला मजकूर आहे, शिक्क्यासकट. मी पाट्या रंगवणारी बाई, मला कान्याचाही बदल करायची मुभा नाही.

मामा : अख्ख्या तळावर हीच नावं होती गं. ही म्हातारी आणि ती नवी सून. तुझ्या बापानंच ठेवलेली. म्हातारीला सकाळी सुरू करायला गेलं की आधी खोकायची, मग धूर सोडायची, मग सगळ्यांच्या नावानं बोटं मोडायची. एकदा तापली की मात्र दिवसभर मान खाली घालून काम. आणि सून आली ती चकचकीत, पंखा नाही की काही नाही. नुसती शीळ घालायची.

भाची : सून शीळ घालते होय?

मामा : ही घालायची. आणि रॉकेल प्यायची पिंपं-पिंपं.

भाची : दुसरी ओळ. वीस हजार फूट चढायला म्हातारीला सहा मिनिटं, जेटला साडेचार. बरोबर?

मामा : बरोबर. वहीत आहे. माझंच अक्षर आहे.

भाची : तिसरी. एक पूर्ण गोल वळण. म्हातारीला अठरा सेकंद, जेटला सत्तावीस.

मामा : आं! हे लाल रंगात लिही. अगं, त्या दिवशी सकाळी जेटमध्ये एक पोरगेला वैमानिक होता आणि म्हातारीत तुझा बाप. दोघांची झुंज लावलेली, खोटी खोटी, तुलना करायला. जेट मागून सुसाट आलं की तुझा बाप नुसता वळायचा. ते आपलं पुढं निघून जायचं, पार नदी ओलांडून. आणि परत वळून येईस्तोवर म्हातारी त्याच्या पाठीवर! तीनदा. खाली पोरांनी टोप्या उडवल्या.

भाची : तू पण?

मामा : माझी डोक्यावरच होती.

भाची : का? तुझीच तर म्हातारी. तिचा एकेक बोल्ट तू आवळायचास.

मामा : पुढची ओळ घे.

भाची : किती वेळ हवेत राहतं. म्हातारी दोन तास वीस मिनिटं. जेट पन्नास मिनिटं.

मामा : पन्नास मिनिटांत काय होतं? वर जायचं, हात हलवायचा, खाली यायचं. पण काही म्हण, पुढं जग तिचंच झालं. आम्ही कितीही नाकं मुरडली तरी. ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त राग.

भाची : शेवटची ओळ अडलीये. त्यासाठीच तुला रिक्षात घालून आणलं. ‘इंजिन मंद असताना पूर्ण ताकद येण्यास लागणारा वेळ.’ म्हातारीचे दोन सेकंद. जेटचा आकडा वहीत दिसत नाही, तेल सांडलंय त्यावर. साहेब म्हणाले, कारखान्याच्या पुस्तकात आठ आहे, आठ लिहून टाका. मी म्हटलं, वही लिहिणारा माणूस अजून आहे, त्यालाच विचारते.

मामा : खाली एवढी जागा कशाला सोडलीस?

भाची : आकडा सांग आधी.

मामा : तिथं काय लिहायचंय?

भाची : अजून एक वाक्य आहे. ते शेवटी करणार होते.

मामा : वाच.

भाची : मामा...

मामा : माझा चष्मा घरी राहिलाय. वाच.

भाची : ‘याच दिवशी दुपारी, वैमानिकाच्या चुकीमुळे, जेट विमान उतरताना कोसळले. वैमानिक जागीच मृत्यू पावला.’

मामा : त्या साहेबाला माहीत आहे, तुझा बाप होता तो?

भाची : नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला दिलं असतं त्यांनी. मला वाटलं, माझ्याच हातानं होऊ दे. निदान अक्षर तरी नीट येईल. आणि आता सकाळपासून ती एक ओळ सोडून बाकी सगळं दोन-दोनदा रंगवतेय.

मामा : ते ‘चुकीमुळे’ लिहू नकोस.

भाची : चौकशीच्या कागदात तेच आहे. आणि मी नवीन काय ऐकतेय? पन्नास वर्षं ऐकलंय. आई जाईपर्यंत म्हणायची, यांना घाई नडली. सकाळी जिंकले, डोक्यात हवा गेली, दुपारी नवं यंत्र मिरवायला गेले. लोकांसमोर ती मान वर करून बोलायची नाही, का तर नवरा स्वतःच्या हुशारीनं मेला. तू समोर बसलेला असायचास, कपातला चहा निवेपर्यंत. कधी नाही म्हणालास तिला?

मामा : नाही. तोंड उघडलं नाही.

भाची : मग आज का?

मामा : ती चार भिंतींत बोलायची. हे तू रंगानं लिहिणार. मी ते होऊ देणार नाही. बस जरा. ब्रश खाली ठेव.

भाची : रंग वाळेल.

मामा : वाळू दे. हे बघ, म्हातारीचं कसं होतं, हाक मारली की ओ. उतरताना मूठ मागं ओढायची, इंजिन मंद करायचं, अलगद खाली येत राहायचं. वाटलं की आपण कमी पडतोय, धावपट्टीच्या अलीकडेच टेकतोय, तर मूठ पुढं ढकलायची. दोन सेकंदांत पंखा हवा ओढायला लागला, पंखांखाली वारा आला, तुम्ही वर. तुझा बाप नऊ वर्षं असाच उतरला. डोळे झाकून. सुनेचं तसं नव्हतं. तिला हाक मारली की आधी विचार करणार. आणि जोरात ओरडायचं नाही हां! मूठ धसकन पुढं ढकलली तर आत रॉकेलचा पूर आणि आगच विझायची. हळूहळू ढकला आणि वाट बघा. सात-आठ सेकंद. खाली जमीन वर येतेय, आणि तुम्ही वाट बघताय.

भाची : म्हणजे बाबा विसरले. हाताला सवय म्हातारीची होती.

मामा : सगळे असंच म्हणाले. विसरला नव्हता तो. सहा वेळा उडवली होती त्यानं ती. आठ सेकंद पाठ होते त्याला, झोपेतही सांगितले असते.

भाची : मग?

मामा : त्या दिवशी आठ नव्हते.

भाची : किती होते?

मामा : सांगतो. मला माझ्या वेगानं सांगू दे, पन्नास वर्षं गिळलंय. तुझ्या आईचं लग्न मीच जमवलं, ठाऊक आहे ना? माझ्या विमानाचा वैमानिक म्हणून जेवायला घरी आणला, आणि तो मेहुणा झाला. तळावर ‘साहेब’, घरी ‘दाजी’. रोज सकाळी वर चढून बसला की पट्टे बांधता बांधता मला एकच विचारायचा, ‘आज काय म्हणतेय?’ मी सांगायचो. आज डावीकडं जरा तापतेय. आज तेल जास्त खातेय, लवकर या. एक वाक्य. मग तो माझ्या हातातल्या कागदावर सही करायचा. कागद त्यानं कधी वाचला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. म्हणायचा, कागद तुझ्या तोंडातून ऐकतो मी.

भाची : हे आईनं कधी सांगितलं नाही.

मामा : तिला कुठलं माहीत? आमच्या दोघांतलं होतं ते. तर, दाजींनी जेटच्या तुकडीत नाव दिलं. मला म्हणाले, तूही चल. मी म्हटलं, त्या रॉकेलच्या स्टोव्हला मी हात लावणार नाही. तुझ्या आईसमोर हसत म्हणाले, ‘मग म्हातारीबरोबर जा भंगारात.’ थट्टाच होती. मला अशी झोंबली म्हणून सांगू! एकतीस वर्षांचा घोडा मी. नऊ दिवस बोललो नाही. अबोला.

भाची : मला काहीतरी आठवतं. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळतेय.

मामा : चार वर्षांची होतीस. ते तुझ्याकरवी निरोप पाठवायचे. ‘जा, मामाला विचार, भात वाढू का.’ मी म्हणायचो, ‘बाबांना सांग, मामाचं पोट भरलंय.’ आणि तू आपली फ्रॉक सांभाळत पळतेयस, ह्या दारातून त्या दारात. तुला खेळच वाटला. तुझी आई कपाळाला हात लावायची.

भाची : आणि त्या दिवशी?

मामा : त्या दिवशी सकाळी मी तुमच्या दारावरून सायकलनं जात होतो. तू पळत आलीस. म्हणालीस, ‘बाबा म्हणतात, कट्टी सोड.’

भाची : मी?

मामा : तू. एका पायात चप्पल. मी तुझा गालगुच्चा घेतला आणि म्हटलं, ‘सांग, संध्याकाळी बघू.’

भाची : संध्याकाळी.

मामा : राग निम्मा गेलाच होता गं. पण माणसाला आपला रुसवा मिरवायचा असतो. अजून एक दिवस, अजून एक दिवस. तळावर गेलो तर वरिष्ठांनी दोन्ही विमानांची जमिनीवरची मोजमापं मला घ्यायला सांगितली, माझी वही चोख म्हणून. सुनेचं इंजिन मंद केलं, मूठ ढकलली, घड्याळ दाबलं. चौदा. परत केलं. चौदा. तिसऱ्यांदाही चौदा. आत कुठंतरी रॉकेलचा पुरवठा आखडला होता. नियम काय, पंधरापर्यंत चालेल. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, लागू दे चौदा. येऊ दे अहवालात. कळू दे वरच्या साहेबांना, कसली आळशी बया पसंत केलीये. वहीत लिहिलं, कागदावरही स्वच्छ अक्षरात लिहिलं. चौदा. खाली रेघ मारली.

भाची : कागदावर.

मामा : दुपारी अदलाबदल झाली. दाजी सुनेत बसले. मी शिडीवर, पट्टे बांधतोय. त्यांनी मान वळवून विचारलं...

भाची : तू काय सांगितलंस?

मामा : काही नाही.

भाची : मामा.

मामा : काही नाही बोललो. पट्टा आवळला. त्यांनी परत विचारलं, हसत, लहान मुलाला विचारावं तसं. मी कागद पुढं केला आणि त्यावर बोट ठेवलं. म्हणजे वाचा. तोंडानं सांगणार नाही, वाचा. मला ठाऊक होतं ते वाचणार नाहीत. ते जगात कुणाला ठाऊक नव्हतं, फक्त मला होतं. त्यांनी सही केली, माझी टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, ‘बरं बाबा, संध्याकाळी.’ म्हणजे तू निरोप पोचवला होतास.

भाची : पुढं सांग.

मामा : नको आता.

भाची : सांग. मी इथं माझ्या बापाचं मरण रंगवायला बसलेय, मला कळू दे काय रंगवतेय ते.

मामा : मी धावपट्टीच्या या टोकाला घड्याळ घेऊन उभा. त्या टोकाला पाणी जायला चर होता आणि त्याच्या काठानं मातीचा बांध. दाजी उतरायला आले, जरा खाली होते, फार नाही. विमानाच्या मागून काळी रेघ निघाली, म्हणजे हाक मारली. माझा अंगठा आपोआप दाबला गेला. सवय. आणि बघ, त्यांनी मूठ धसकन ढकलली नव्हती. आग विझली नाही. हळूहळू ढकलली, अगदी शिकवल्यासारखी, आणि आठ सेकंद हातात ठेवून ढकलली. आठ असते तर बांधावरून अलगद गेले असते. घाई नव्हती गं. तुझ्या बापानं कसलीही घाई केली नाही. ते वाट बघत होते. आठ झाले. नऊ. दहा. मी इथून ओरडत होतो. नऊ दिवसांनी तोंड उघडलं, ते असं, अर्ध्या मैलावरून. अकराव्याला चाकं बांधाला लागली.

भाची : अकरा.

मामा : ती उलटली, घसरत गेली. आणि मग, चौदाव्याला, शीळ आली. पूर्ण ताकदीची. जमिनीवर पडल्या पडल्या तिनं ओ दिली.

भाची : बास.

मामा : चौकशीत कागद निघाला. आकडा होता. खाली सही होती. म्हणजे वैमानिकाला सांगितलेलं होतं, म्हणजे चूक वैमानिकाची. माझी पाठ थोपटली त्यांनी. नोंदी चोख ठेवल्या म्हणून. वहीवर तेल सांडलं नाहीये, पोरी. सांडवलंय. मी.

भाची : आणि आई?

मामा : दहनाहून आल्यावर तिला सांगणार होतो. तिनं मला धरलं आणि म्हणाली, ‘आता तूच आहेस आम्हांला.’ मग कसं सांगू? तिनं दार लावलं असतं, आणि तू आत राहिली असतीस.

भाची : म्हणून वाढवलंस मला? शाळेत सोडणं, पहिले ब्रश, रात्रभर ताप उतरवणं, सगळं? भरपाई?

मामा : पहिली दोन वर्षं, हो. पुढं नाही. पुढं तू आवडायला लागलीस.

(भाची उठते, टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश धुऊ लागते.)

मामा : शिव्या दे हवं तर.

मामा : घरी सोडू नकोस मला, जाईन मी रिक्षानं.

मामा : अगं, काहीतरी बोल. एक शब्द.

भाची : बोलतेय. श्वास तर घेऊ दे. ब्रश धुताना मनात आलं होतं, आता ह्या माणसाशी जन्मात बोलायचं नाही. मग वाटलं, नको. आपल्या घरात ते एकदा धरून झालंय.

मामा : माफ करतेस का, असं विचारत नाहीये मी.

भाची : विचारू नकोस. आज नाही सांगता येणार. आईचं कसं करू मी? ती सहा वर्षांपूर्वी गेली, मान खाली घालून गेली. तिला एकदा सांगायला हवं होतंस, मामा. दार लावलं असतं तिनं, चार दिवसांनी उघडलंही असतं. माझी आई होती ती.

मामा : हो.

भाची : रडू नकोस. रंगाच्या डब्यात कोपर जाईल. हो बाजूला.

मामा : काय करतेयस?

भाची : ‘चुकीमुळे’ काढतेय मजकुरातून. ‘याच दिवशी दुपारी जेट विमान उतरताना कोसळले.’ एवढंच.

मामा : साहेब ऐकतील?

भाची : वहीतला तेलाचा डाग दाखवून सांगीन त्यांना, तू बरोबर येशील. आणि जे मला सांगितलंस ते सगळं परत सांगशील.

मामा : येईन. लिही ना, मिस्त्रीच्या अबोल्यामुळे. लिही.

भाची : ते पाटीवर मावत नाही. धर, ते स्टूल धर. शेवटचा चौकोन भरते आणि निघू. बाबांनी कसं विचारलं होतं? शिडीवर. अगदी त्यांचेच शब्द सांग.

मामा : ‘आज काय म्हणतेय?’

भाची : वर बघ ना, मामा. माझ्याकडे. आज काय म्हणतेय?

मामा : चौदा... चौदा म्हणतेय, दाजी. जरा लवकर हाक मारा तिला.